वाफेवर चालणारी शेवंताबाई

पितळी परात फरशीवर पडावी आणि झणझणत, गोल गोल फिरत, थांबायचं नावच काढू नये, तसं शेवंताबाईंचं हसू. कामरगावच्या हिवाळ्यात धुकं आधी विरतं की हे हसू आधी उमटतं, याचा निकाल इतकी वर्षं शेजारी राहूनही मला लावता आलेला नाही. त्यांच्या ओसरीवर ऊनही जरा लवकरच येतं. शिलाई मशीनच्या चाकावर टेकून बहुधा गप्पा ऐकत बसतं. पण हसऱ्या माणसाचं दुःख कुणी खरं मानत नाही. शेवंताबाई मयतीला गेल्या, तरी लोकांच्या ओठांचे कोपरे हलू लागत.

म्हणूनच पुण्याला सिनेमा शिकून आलेली यजमानांची भाची पल्लवी म्हणाली, "मामी, माह्या शॉर्टफिल्ममधी भुताचं काम कर ना," तेव्हा शेवंताबाई हसल्या नाहीत.

"करतो. मी रडली तरी लोकं हासतेत वं. एकडाव तरी मले पाहून गाव चूप झालं पायजे."

"तुले पाहून भूतच हासन!" आतून त्यांचे यजमान म्हणाले.

पल्लवीच्या सिनेमाचा प्रकार स्टीमपंक: इंग्लंडच्या राणीचा काळ, वाफेची यंत्रं, पितळी चक्रं आणि धुक्यातली भुतं. आमच्याकडे राणी नव्हती. पण इंग्रजांच्या काळातलं बंद जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होतं, आणि त्यात म्हाताऱ्या हत्तीसारखा बसलेला गंजका बॉयलर. धुकं पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवून केलं. कथेतली मडम म्हणजे जिनिंगच्या साहेबाची विधवा. तिच्या हृदयाच्या जागी वाफेचं इंजिन. मांडवाच्या काळ्या कापडाचा घेरदार झगा शेवंताबाईंनी स्वतः शिवला आणि छातीवर पितळी स्टोव्हची टाकी बांधली. मला साहेबाच्या प्रेताचं काम मिळालं. ते मी इतकं मन लावून केलं, की मला झोप लागली.

जाग आली ती पल्लवीच्या "ॲक्शन!"च्या आरोळीनं. मडम बॉयलरमागून उठत होती, आणि नेमके त्याच वेळी शेवंताबाईंचे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, शूटिंग बघायला फाटकातून आत आले. शेवंताबाईंचा हात आपोआप पदर घ्यायला वर गेला. झग्याला कुठला पदर! हातानं खांदा चाचपला, मान चाचपली, हवेतून काही ओढून घेतल्यासारखं केलं आणि तो रिकामाच खाली आला.

"अव माय! भासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं! काढून टाक वं हे!"

"नाई मामी," पल्लवी हळूच म्हणाली. "हेच ठेवतो."

सिनेमा जिनिंगच्याच आवारात, दिवेलागणीनंतर, पांढऱ्या कापडावर दाखवला. मडम दिसताच हशा फुटला. "अबे, हे तं शेवंताबाई! मढ्यालेही चहा पाजन हे!" सगळ्यात मोठा आवाज यजमानांचा. शेवंताबाई माझ्या मागं बसल्या होत्या. त्यांनी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती, की तिच्यासोबत मीही थरथरत होतो.

मग कापडावर तो हात वर गेला. धुरात, पितळेच्या पिवळ्या उजेडात तो खांद्यावरचं काहीतरी शोधू लागला, आणि जे हरवलं त्याचं नावही त्या मडमेला आठवत नव्हतं. आधी बाया गप्प झाल्या. अंधारात एकेक हात आपापल्या डोक्याकडे गेला आणि पदर जागेवर आहे ना, हे बघून आला. मग पुरुषांचं हसू विझलं. यजमानांचं अर्धं घशातच राहिलं. भासऱ्यांनी मान खाली घातली. आवारात फक्त सिनेमातल्या वाफेचा फुसफुसाट उरला.

"झालं ना चूप?" मागून कुजबुज आली.

"झालं, वहिनी."

दिवे लागले, तशा शेवंताबाई उठल्या आणि गड जिंकून आलेल्या सरदारासारख्या गर्दीतून चालू लागल्या. माणसं बाजूला सरून वाट देत होती; कुणी चेष्टा केली नाही. यजमानांनी चपला सरळ करून पुढ्यात ठेवल्या. शेवंताबाईंनी त्या घातल्या आणि हसल्यासुद्धा नाहीत. त्या क्षणाला मोठं हसू शोभलं नसतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

एक दिवस आम्ही कुणी नसू. जिनिंग पडेल, आणि आमच्या आठवणींचाही धूर होईल. नुसत्या उजेडाची बनलेली ती मडम मात्र कुठल्यातरी पडद्यावर उठत राहील. तिला न्यायला काळ येईलच. पण दाराशी त्यालाही आधी घटकाभर चूप उभं राहावं लागेल.