शेवटचा कप्पा

समुद्राच्या तळाचा गाळ चाळणीवर धुतला की वाळूएवढी कवचं उरतात, फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची. सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांच्या जाती लावायच्या, हे तिचं काम. लोक विचारतात, याचा उपयोग काय? विचारू देत. स्वतःच्या अख्ख्या दिवसाचा उपयोग ज्यांना सांगता येत नाही, त्यांनाच असल्या चौकशा सुचतात.

तिला नवी जात सापडली होती. चार फुगीर कप्पे आणि तोंड भलतंच रुंद. कुठल्याच पुस्तकात नाही. नव्या जातीचं नाव शोधणाऱ्यानं ठेवायचं, असा रिवाज. तिनं दादाचं ठरवलं. दादा जहाजावर नोकरीला होता, याच समुद्रात गेला. कंपनीनं ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं आणि हात झटकले. त्यांचं जहाज बेपत्ता झालं असतं तर अख्खा समुद्र उपसला असता हरामखोरांनी. दादाचं नाव कोरायला साधा दगडही नव्हता. म्हणून आईला तिनं आधीच सांगून टाकलं, आणि आईनं शेजारणींना.

प्रयोगशाळेतल्या सरांनी कवचं पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली.

“धुताना ब्रशनं घासलंस का गं?”

“थोडंसं. चिखल सुटत नव्हता.”

“तोंडाची कड खडबडीत आहे.”

“सर, तुम्हाला दुसऱ्याचं काही नवं बघवतच नाही!”

“नाही बघवत. म्हणून तर चष्मा पुसून परत बघितलं,” सर म्हणाले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. “तूच बघ, बाळा.”

तिनं नेहमीच्या, ढिगानं मिळणाऱ्या जातीचं एक कवच घेतलं. त्याला पाच कप्पे. पाचवा सगळ्यात पातळ. सुईनं नुसता दाबला, तर फुटलाच. उरले चार कप्पे, रुंद तोंड. हुबेहूब दादाच्या नावाचं कवच.

ओल्या कुंचल्याच्या टोकानं तिनं एकेक कवच उचललं आणि नमुन्यांच्या पट्टीवर जुन्या जातीच्या चौकटीत ठेवलं. सरांनी हात लावला नाही, खोलीतून हललेही नाहीत.

आईला सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती.

“म्हणजे नाव नाही?”

“नाही गं. ती मोडकी निघाली. माझ्याच हातानं मोडलेली.”

“बरं. दाखव तरी.”

दुसऱ्या दिवशी आई प्रयोगशाळेत आली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“हे केस कसले?”

“तुझ्याच पापण्या आहेत. जरा मागे हो.”

आई मागे झाली. परत डोळा लावला. नंतर म्हणाली, “अगं, एवढुसं? दादा दारातून वाकून यायचा, आणि त्याचं नाव तू ह्याला देणार होतीस?”

दोघी हसल्या. हसता हसता आईचा आवाज फाटला, पण डोळा तिनं काढला नाही.

“हे सगळे तिथलेच ना? तो गेला तिथले?”

“त्याच समुद्रातले.”

“मग थांब जरा. बघू दे.”

सरांनी खिडकीचा पडदा ओढला, काचेवर उजेड येत होता म्हणून. मुलगी नवा गाळ धुवायला घेऊन गेली. ब्रश तिनं खणात टाकला आणि नळ बारीक सोडला.