पुलावरचा उजेड

मसुराच्या दाण्याएवढा दिवा. चिमटीत धरला तर दिसतही नव्हता, आणि हा एक बिघडला म्हणून पुलाच्या कठड्यावरची अख्खी माळ सकाळपासून विझलेली. शिडीवर उभ्या उभ्या त्याने तो उपटला, नवा बसवला. माळ पेटली. भर उन्हात लखलखणाऱ्या त्या माळेकडे बघताना त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले.

हिवाळी प्रकाशोत्सवाचा पहिला दिवस. गेले तीन आठवडे वीजखात्यातली सगळी माणसं या एकाच पुलावर जुंपलेली – बावीस वर्षं खांबांवर चढणारा तो, आणि खाली त्याची शिडी धरणारा सोबती, ज्याला उंचीमुळे सगळे जिराफ म्हणत. झाडांना दिवे, कठड्याला दिवे, पाण्यावर सोडलेल्या प्लास्टिकच्या हंसांच्या पोटातसुद्धा दिवे. हंसांना उजेड कशाला लागतो?... आणि आमच्या गल्लीतला तिसरा खांब नऊ महिने आंधळा. अर्ज दिला, स्मरणपत्र दिलं, पुन्हा अर्ज दिला. साहित्य शिल्लक नाही, नंबर लागेल तेव्हा लागेल, असं साहेबांनी सांगितलं. मान वर न करता सांगितलं. त्याच अंधारात महिन्यापूर्वी, दूध आणायला निघालेल्या बायकोचा पाय खणून ठेवलेल्या चरात गेला. खुब्याचं हाड. संध्याकाळचे साडेसहा, काही रात्र झाली नव्हती.

दुपारी साहेब आले. गळ्यात नवा मफलर, सोबत फोटो काढणारा. काम फक्कड झालंय म्हणाले, संध्याकाळी घरच्यांना घेऊन या म्हणाले. घरच्यांना! ती खाटेवरून न्हाणीपर्यंत जायला अर्धा तास घेते, हे या माणसाच्या टेबलावर रजेच्या अर्जात लिहिलेलं आहे. त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते, "हो साहेब." जिराफाने नजर दुसरीकडे वळवली. तो पुन्हा शिडीवर चढला.

सुटला तेव्हा रस्ते बंद झालेले, बस लांबून वळवलेल्या. सगळं शहर पुलाकडे चाललेलं आणि तो एकटा उलट दिशेने, माणसांच्या कोपरांतून वाट काढत. काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय, असं कुणीतरी म्हणालं. झालो बाजूला... बाजूलाच तर होत आलो. तेवढ्यात बायकोला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंचा फोन: तिकडची बस दहा दिवस बंद आहे, उत्सव संपल्यावर येईन. दहा दिवस! डॉक्टरांनी एक दिवसही चुकवू नका म्हणून बजावलेलं.

बायको खिडकीशी उशांना टेकून बसली होती. छपरांच्या वर आभाळ पुलावरच्या उजेडाने निळसर झालेलं.

"तो निळा तुमचा का?"

"माझाच."

"छान झालाय."

आणि आत काहीतरी सुखावलं. हे सुखावणं त्याला सहन होईना. तो बोलत सुटला – खातं, साहेब, मफलर, हंस, बंद केलेली बस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मांडीवरची शाल सारखी करत म्हणाली,

"शिडी तर आपल्याच जिन्याखाली असते. मग तुम्हीच का नाही चढलात?"

आवाजात राग नव्हता. पंखा बंद करायचा राहिला का, असं विचारावं तसं विचारलं. लेखी हुकूम नव्हता... गल्लीचे खांब दुसऱ्या विभागाकडे... बावीस वर्षांत चिठ्ठीशिवाय एकाही खांबाला हात लावला नाही, हे तर मी लोकांना छाती पुढे काढून सांगत आलो. अर्ध्या तासाचं काम. ती पडायच्या आधी नऊ महिने... नाही, आठ. आणि ती पडल्यावरही महिनाभर, रोज त्याच खांबाखालून, पिशवीत पक्कड घेऊन.

तिने पाठीमागची उशी जरा वर करायला सांगितली. त्याने केली. राग उतरला नव्हता, तेवढाच होता, तसाच जळत होता. फक्त दिवसभर ज्यांच्या नावाने तो राग पोसला होता, त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आता डोळ्यांपुढे उभा राहीना.