सुलाबाईच्या आवाजाची वायर

माणसाला आदिकाळापासून दोनच प्रश्नांनी छळलं आहे: मेल्यावर माणूस कुठे जातो, आणि टीव्हीच्या मागची वायर कुठे जाते. पहिल्याचा निकाल वालूरच्या सितारामच्या घरात छप्पन सालीच लागला होता. त्याच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं, कुठंबी जात न्हाई, जे काय करायचं ते हितंच करा. दुसरा प्रश्न मात्र त्या घरात परवा-परवापर्यंत लोंबकळत होता.

सितारामची बायको सुलाबाई गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. भिंतीवर तिचा फोटो होता. आधार कार्डासाठी काढलेलाच मोठा करून घेतलेला, त्यामुळे तहसीलात सकाळपासून ताटकळल्याचे भाव तिच्या चेहऱ्यावर कायमचे राहिले होते. फोटोची अडचण नव्हती. अडचण वेगळीच निघाली. परभणीला कारकुनी करणारा मुलगा नागसेन सुट्टीला आला होता, तेव्हा चहा पिता-पिता सितारामनं विचारलं,

"तुह्या मायचा आवाज कसा व्हता रे?"

"कसा म्हंजे? आवाजासारखा."

"मला आठवंना गेलाय."

सुलाबाईचे शब्द त्याला सगळे आठवत. ती नवऱ्याचं नाव घेत नसे. 'ऐकू आलं का' हीच तिची जन्मभराची हाक होती. पण ती हाक आता त्याच्या डोक्यात त्याच्याच आवाजात उठायची. आपणच 'ऐकू आलं का' म्हणायचं आणि आपणच 'हं' म्हणायचं, याला संसार म्हणत नाहीत. मोबाइलवर शोधावं, तर फोन हातात दिला की ती न बोलताच दोनदा मान डोलवायची आणि परत द्यायची.

राहता राहिली एक सीडी. थोरली मुलगी बबिता हिच्या लग्नाची. सितारामला पक्कं आठवत होतं, पाठवणीच्या वेळी सुलाबाई फोटोवाल्याच्या पुढ्यात उभी राहून आपल्याशी काहीतरी बोलली होती. काय, ते आठवत नव्हतं, कारण तेव्हा त्यानं ऐकलंच नव्हतं. सीडी आली तेव्हा घरातल्या बायकांनी ती कितीदा तरी पाहिली. सितारामनं दारात उभं राहून पंगतीचं तेवढं पाहिलं आणि तो शेताकडे गेला. नागसेनला तर लग्नाच्या सीडीचा पहिल्यापासून वीट.

सीडी होती, ती लावायचा प्लेअरही होता. फक्त तो ज्या टीव्हीला जोडायचा, तो पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही नागसेननं दिवाळीत दुकानात देऊन त्या बदल्यात नवा, भिंतीवर टांगायचा आणला होता. वडिलांना एकटं वाटू नये म्हणून.

"एचडी हाय आबा," तेव्हा तो म्हणाला होता. "बातम्या सांगणारीच्या गालावरचा तीळ दिसतो."

"तिच्या तिळाशी मला काय करायचंय," सिताराम म्हणाला होता.

आता नागसेननं प्लेअर पुसून पुढं घेतला. प्लेअरला तीन गोल भोकं: पिवळं, पांढरं, तांबडं. नव्या टीव्हीला एकही गोल भोक नाही, सगळी चपटी. शेजारचे किशनराव, ज्यांच्या बांधावरून दोन्ही घरांचं जुनं भांडण आणि जुनी मैत्री होती, ते पाहायला येऊन बसले.

"दुकानातून उतरवून आना की पेनड्राइव्हवर," ते म्हणाले.

"सीडी घराभाईर जानार न्हाई," सिताराम म्हणाला. "चरा पडला म्हंजे?"

पुढच्या खेपेला नागसेननं परभणीहून चपट्या तोंडाची वायर आणली. सोन्याचा मुलामा दिलेली. ती टीव्हीला झकास बसली. दुसरं टोक हातात धरून बापलेक बराच वेळ बसले.

"लय चांगली वायर हाय," किशनराव म्हणाले. "कुटं तरी लावा पन."

त्यानंतरच्या खेपेला एक डबी आली. तिला एका अंगाला तीन रंग, दुसऱ्या अंगाला चपटं भोक. सगळं जिथल्या तिथं बसलं, डबीचा दिवाही लागला, आणि टीव्हीवर निळा पडदा आला. तो निळाच राहिला. नागसेननं डबीवरचं बारीक अक्षर डोळ्याजवळ नेऊन वाचलं.

"उलटी आली. ही नव्याचं जुनं करनारी हाय. आपल्याला जुन्याचं नवं करनारी पायजे व्हती."

"पैसे देऊन नव्याचं जुनं?" किशनराव म्हणाले.

"ते तर आमच्याकडं फुकट व्हायलंय," सिताराम म्हणाला आणि उठून गेला.

या सगळ्यात बबिताला कुणी विचारलं नाही. ती गंगाखेडला दिली होती, आणि वायर हा बायकांचा विषय नाही असं घरात ठरलेलं होतं.

सुलाबाईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला नागसेन सुलटी डबी घेऊनच आला. वंदना झाली, जेवणं झाली. पांढऱ्या कपड्यातले पाहुणे भिंतीला टेकले. बबिता खिरीचं पातेलं खरवडत होती. सितारामनं खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ घेतली, की त्याच्या मागच्यांना त्याचा फेटाच दिसावा.

पिवळी, पांढरी, तांबडी बसली. चपटी बसली. आणि चित्र आलं. जुनं चौकोनी चित्र नव्या टीव्हीनं दोन्हीकडून ताणून भिंतभर केलं होतं. नवरदेव रुंद, मांडव रुंद, किशनराव तर पडद्यात मावेनात. मागोमाग आवाज आला. सनई, आणि तिच्यावर सिनेमातलं गाणं.

सगळे गाणं संपायची वाट पाहू लागले. ते संपलं. दुसरं लागलं.

पाठवणी आली. दारात सुलाबाई उभी होती, हिरव्या साडीत, होती त्याच्या दीडपट. तिनं थेट समोर पाहिलं आणि तोंड उघडलं. तिच्या तोंडातून कुठल्याशा नायिकेचं गाणं ऐकू आलं.

"वायर चुकलीय," सिताराम म्हणाला.

नागसेननं तांबडी-पांढरी काढून उलटसुलट लावली. गाणं तेच.

"मागं घे. पुना लाव. चुकलीय वायर."

पुन्हा सुलाबाई दारात आली, पुन्हा तोंड उघडलं.

"आबा," बबिता पातेलं खाली ठेवून म्हणाली, "वायर बरुबर हाय. सीडीतच आवाज न्हाई. बन्सीधर फोटोवाल्यानं सगळा काढून गाने घातलेत."

"कामून?"

"मायनंच सांगितलं व्हतं त्याला. म्हनली, माहा घोगरा आवाज, पावन्यांना कशाला ऐकवायचा."

सितारामनं मान वळवून लेकीकडं पाहिलं.

"घोगरा व्हता?"

"व्हता की, आबा."

त्यानं हे मनात कुठं बसतं का पाहिलं. बसलं नाही. घोगरा हा शब्दही आता त्याला बबिताच्या आवाजात ऐकू आला.

"काय म्हनली असंल ती मला?"

"म्हनली असंल, ऐकू आलं का," किशनराव हळूच म्हणाले.

"अन् मी?"

पडद्यावर कोपऱ्यात सितारामची पाठ दिसत होती. सतरंजीची वळकटी खांद्यावर टाकून ती पाठ निघून चालली होती.

"नागसेन," सिताराम म्हणाला, "तांबडी अन् पांढरी काढ. पिवळी ऱ्हाऊ दे."

गाणं बंद झालं. सुलाबाई पुन्हा दारात आली, बोलली, थांबली, वाट पाहत राहिली. नागसेननं न सांगता पुन्हा मागं घेतलं. खुर्चीतून सिताराम दर खेपेला 'हं' म्हणत होता. पाहुणे एकेक करून चपला शोधायला लागले.

चौथ्या-पाचव्या खेपेला त्यानं हात वर केला.

"जरा बारीक करता येती का बग तिला," तो म्हणाला. "येवढी जाड नव्हती ती."