दोन सेंटीमीटर

पडद्यांच्या त्या कारखान्यात एक टेप होता आणि त्याचं डोकं उडालेलं होतं. सात वर्षांपूर्वी त्याच्या टोकाची पितळी पट्टी निघाली, मग कापड उसवायला लागलं, तेव्हा मास्तरांनी कात्री उचलली आणि दोनच्या आकड्यापाशी तो खटकन कापून टाकला. तेव्हापासून तो टेप शून्याऐवजी दोनपासून सुरू व्हायचा. नवा आणावा की नाही माणसाने? छे! मास्तर म्हणाले, "दोन वजा करायला काय कॉलेजात जावं लागतं?" झालं. मोठ्या टेबलाभोवतीच्या चौघी बायका मुकाट्याने हिशोब करायला लागल्या. काही मोजलं की दोन वजा करायचे, कापायचं असलं की दोन जास्त धरायचे. वर्षभरात आपण असं काही करतोय हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

चौघींतली सगळ्यांत लहान, जिला बाकीच्या तिघी बारकी म्हणायच्या, ती आता काही बारकी राहिली नव्हती. तिला सातवा महिना लागला होता.

हे तिचं दुसरं गरोदरपण. पहिलं सहाव्या महिन्यातच संपलं होतं. आधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढ दोन आठवड्यांनी मागे आहे, बघू या." पुढच्या खेपेला बघायला काही उरलंच नाही. आणि वाईट म्हणजे, बाळ आदल्या दिवसापर्यंत हलतंय असं तिला वाटत होतं. त्यामुळे पोटातल्या हालचालींवरचा तिचा विश्वासच उडाला.

या वेळी तिने सगळं अगदी नेमाने केलं. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, डाव्या कुशीवर झोप, जेवणाच्या सुट्टीत पाय वर करून बसणं. जड तागा उचलायचा नाही, हे तर बाकीच्या तिघींनीच ठरवून टाकलं होतं. ती उठायच्या आत कोणीतरी तागा उचलायची आणि वर टोमणा मारायची, "बसा राणीसाहेब, आम्ही आहोत ना हमाल."

अठ्ठाविसाव्या आठवड्याला ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. सिस्टरने तिला झोपवलं, ओटीपोटाच्या हाडापासून पोटाच्या वरच्या फुगवट्यापर्यंत टेप लावला आणि म्हणाली, "अठ्ठावीस! साधारण जितके आठवडे, तितके सेंटीमीटर. झकास चाललंय."

हे काही सिस्टरने सांगायला नको होतं. जिचं पोट टेपवर चालतं, त्या बाईला असलं काही सांगतात का? घरी येताना तिने दुकानातून एक नवाकोरा टेप घेतला. सिस्टरने कुठे बोट ठेवलं, टेप किती ताणला, सगळं तिने नीट पाहून घेतलं होतं. रविवारी नवरा कामावर गेल्यावर ती पलंगावर आडवी झाली आणि मोजलं.

सत्तावीस.

एकोणतिसावा आठवडा, म्हणजे एकोणतीस हवे होते. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सत्तावीस. पुढच्या रविवारी तिसाला अठ्ठावीस. त्याच्या पुढच्या रविवारी एकतिसाला एकोणतीस. दोनने मागे म्हणजे दोनने मागे, आणि दोनने मागे असण्याचा शेवट काय होतो ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने टेप गुंडाळला आणि खणात सगळ्यांत खाली सारला.

तिला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रात्रभर अंगाखाली आलेला हात सकाळी आपला वाटत नाही, तशी ती आख्खीच होऊन गेली. कामावर जायची, शिवायची, कोणी हसलं की हसायची. समोर ठेवलेलं जेवायची, पण काय जेवली ते विचारलं तर सांगता आलं नसतं. गोळ्या तिने बंद केल्या. कोणासाठी घ्यायच्या? बत्तिसाव्या आठवड्याला दवाखान्याची तारीख होती, ती तिने चुकवली. गेलं की ते सांगणार. नाही गेलं तर निदान कोणी सांगत नाही.

आता शहाण्या बाईने त्याच रविवारी दवाखाना गाठला असता, हे खरंच. पण बाहेर बसून बोलायला आपलं काय जातं?

पोटातलं मात्र लाथा मारत होतं. मशीनवर बसली की हमखास. अशा वेळी ती हात पोटावरून काढून कापडावर ठेवायची आणि मशीन जरा जोरात चालवायची.

नवरा बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दुपारी तीनला घरी यायचा. तोही हल्ली फारसा बोलत नव्हता. ती येईपर्यंत जेवण करून ठेवायचा, ताट वाढायचा, खिडकीपाशी बसायचा. भट्टीने दमतो बिचारा, असं तिला वाटायचं. खरं तर तेवढंही वाटत नसे.

चौतिसाव्या आठवड्यात तो डोकं उडालेला टेप मध्यातून फाटला. मास्तरांनी जीवावर उदार होऊन चार नवे टेप आणले आणि चौघींच्या गळ्यात एकेक घातला. कुठल्याशा हॉटेलचे चाळीस पडदे करायचे होते. चौघींनी सकाळभर कापले, शिवले. बाराच्या सुमाराला मास्तरांनी पहिला पडदा दांडीला लावून पाहिला, तर खालची कड लादीवर लोळतेय. मोजला, तर दोन सेंटीमीटर लांब. दुसरा लावला, तोही दोन. मग तिसरा.

"चौघींचं एकदम डोकं फिरलंय का?" मास्तर ओरडले.

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यांत थोरली, जिला त्या मोठी म्हणायच्या, तिलाच आधी हसू फुटलं. "मास्तर, अहो, आम्ही दोन जास्त धरले!"

"आता कशाला? टेप नवा आहे ना?"

"टेप नवा आहे हो, पण आम्ही जुन्याच आहोत! सात वर्षं तुम्हीच शिकवलंत. आता समोर आकडा कुठलाही असू दे, डोळे बरोबर दोनने खालचा वाचतात."

कारखाना हसण्याने दणाणला. मास्तरांनाही हसू आवरेना. "बरं तर बरं, लांब झाले," ते म्हणाले, "आखूड झाले असते तर मी काय कापड पेरलं असतं?"

बारकीही हसत होती. हसता हसता ती थांबली. गळ्यातला टेप तिने हातात घेतला, त्याचं टोक पाहिलं, त्यावरची पितळी पट्टी पाहिली. असाच एक टेप घरी खणात होता. शून्यापासून सुरू होणारा.

"मास्तर, मी जाते," ती म्हणाली.

"काय गं, दुखतंय का?" मोठीने घाबरून विचारलं.

"नाही. मोजून घ्यायचंय."

दवाखान्यात सिस्टरने तिला पाहिलं आणि तोंड सोडलं. "अगं होतीस कुठे? तीन फोन केले तुला!" असं म्हणतच तिने तिला झोपवलं आणि टेप लावला. बारकी छताकडे बघत राहिली. टेपकडे बघायची तिची छाती होईना.

"चौतीस."

"वजा न करता?"

"काय वजा न करता?"

मग तिने सगळं सांगितलं. सिस्टर ऐकत राहिली, मग तिने यंत्र पोटाला लावून ठोके ऐकवले. धडधड धडधड, अगदी घाईत असल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, तीही ठीक निघाली.

"हसू की दोन ठेवून देऊ तुला?" सिस्टर म्हणाली. मग तिची पापणी खाली ओढून पाहिली. बोटातून रक्त काढलं. हिमोग्लोबिन अकरा तरी हवं, ते नऊ निघालं. "गोळ्या?"

"तीन आठवडे नाही घेतल्या. राहिलेल्या सगळ्या आता एकदम घेऊ?"

"वेड लागलंय? डॉक्टर लिहून देतील तशाच घ्यायच्या. आणि ऐक, घरी मोजत बसायचं नाही. शंका आली, बाळ कमी हलतंय असं वाटलं, की त्याच क्षणी उठून इथे यायचं. आम्ही काय शोभेला बसलोय?"

ती हो म्हणाली. रस्त्यात आल्यावर आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. पण आनंद काही येईना. तीन आठवडे आपण एका धडधाकट पोराकडे पाठ फिरवून बसलो, त्याच्या वाटचं लोहसुद्धा दिलं नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं.

घरी नवरा भाजी चिरत होता. तिने दारातच उभं राहून सांगितलं. टेप, रविवार, सत्तावीस, पडदे, चौतीस, सगळं एका दमात.

त्याने सुरी खाली ठेवली. "मला वाटलं, तुला डॉक्टरांनीच सांगितलंय," तो म्हणाला. "गोळ्यांचं पाकीट तसंच पडलेलं मी रोज बघत होतो. मागच्या वेळीही तसंच राहिलं होतं. म्हटलं, तू आपणहून सांगशील तेव्हा सांगशील. विचारायचा धीर झाला नाही गं."

"म्हणजे तुलाही..."

"मी पाळणा परत देऊन आलो."

नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या घरचा पाळणा सातव्या महिन्यातच आणून ठेवला होता, झोपायच्या खोलीत, दाराच्या मागे. तिने आत जाऊन पाहिलं. दाराच्या मागे नुसती भिंत होती.

"कधी दिलास?"

"पंधरा दिवस झाले. दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आलीस की तुला तो दिसायला नको, म्हणून."

पंधरा दिवस ती त्याच दारातून आत-बाहेर करत होती.

"उद्या जाऊन आणतो," तो म्हणाला.

"आत्ता."

त्याने फोन लावला. पलीकडून वहिनीचा आवाज आला. तो "वहिनी" म्हणाला आणि पुढे त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. पलीकडे वहिनी घाबरून विचारत होती, काय झालं, अरे काय झालं, बोल ना, ती बरी आहे ना.

बारकीने त्याच्या हातातून फोन घेतला.

"जाऊबाई," ती म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं, "पाळणा लागणार आहे."