पेल्यावर पेला

स्टीलचे दोन पेले आणि एक चमचा, टॉवेलात गुंडाळलेले.

हॉटेलच्या उशांची यादी. सहा प्रकार. एकीत म्हणे सुकवलेली फुलं.

लातूर. फळ्यावर लंबकाचं सूत्र, समोर दोनशे पोरं, वर पत्रा.

गणपतीच्या रिकाम्या मांडवात झोपून गेलेला आठ वर्षांचा मुलगा. सकाळी गाव नाही.

फळांच्या ताटलीखाली एक कार्ड, न वाचलेलं.

हे सगळं एकाच माणसाचं. मल्लिनाथ सर, वय अडतीस, लातुरात फिजिक्स शिकवणारे. आज मुक्काम हैदराबादच्या त्या नव्या भागात, जिथं बँका आणि कंपन्या काचेच्या डब्यांत राहतात. हॉटेल मोजक्या खोल्यांचं, पण नखऱ्याचं. खोली चौदाव्या मजल्यावर.

‘‘खालची द्या की एखादी,’’ त्यांनी काउंटरवर दोनदा म्हणून पाहिलं. खाली नुसता बगीचा होता.

फोनवर आलोक हसला. नांदेडचा, त्यांचाच जुना विद्यार्थी, आता इथल्या मोठ्या क्लासचा मॅनेजर. ‘‘सर, चार वाजता तुमच्याच हॉटेलात, बाराव्या मजल्यावर नमुन्याचा तास. कॅमेरे लावलेत, मोठी माणसं येणार. पसंत पडलात की पगार तिप्पट आणि विसाव्या मजल्यावर फ्लॅट. तेवढं लिफ्टनं या. वेग शिकवता अन् जिना चढता!’’

निघताना बायको, मंजुश्री, म्हणाली होती, ‘‘बारा वर्षं पत्र्याखाली काढली मी. पोरीला उन्हाळ्यात ताप येतो त्या पत्र्यानं. या वेळी पळून आलात, तर मी उदगीरला माहेरी. सांगून ठेवते.’’

तेव्हा तास संपेपर्यंत वर टिकायचं, एवढंच. सर खिडकीकडे पाठ करून बसले, उठले, पुन्हा बसले. टेबलावर एक पेला सुलटा ठेवला, त्यावर आडवा चमचा, चमच्यावर दुसरा पेला उपडा. जमीन जरा हलली तरी खणखणेल. भूकंपाच्या आदल्या वर्षी गावात बारीक धक्के बसायचे, तेव्हापासून वडील, अप्पा, रोज असे पेले रचत. सरांनी ते कुठंच सोडलं नव्हतं.

जेवून आले तर पेले धुऊन वेगळे ठेवलेले. सफाईवाली शरणम्मा दारातच होती, औरादकडची.

‘‘बाई, हात नका लावू त्याला.’’

‘‘काय पूजा हाय का सर?’’

‘‘हाव. पूजाच समजा.’’

‘‘सुपरवायझर बोंबलतो. टेबलावर नुसती फुलदाणी पाहिजे त्याला. आता तुमचा देव अन् त्याची फुलदाणी, मी कुणाचं ऐकू?’’

सरांनी पेले पुन्हा रचले. अडीच वाजले. शर्ट काढून इस्त्री करायला घेतला, आणि पेले खणखणले.

मग त्यांना काही ठरवावं लागलं नाही. पाय आपसूक निघाले. व्हरांड्यात शरणम्मा ट्रॉली ढकलत होती. तिचं मनगट धरलं आणि ओरडत सुटले, ‘‘भायेर! भायेर पळा!’’ चौदा मजले, अनवाणी, बनियनवर.

खाली लोक कॉफी पीत होते. आलोकही होता, मोठ्या माणसांना घेऊन लवकर आलेला.

‘‘सर, समोरच्या बांधकामाचे सुरुंग ते. फळांखाली तसं सूचनेचं कार्ड ठेवलं होतं ना!’’

शरणम्मा धापा टाकत म्हणाली, ‘‘रोजचंच हाय की वो. मला वाटलं आग लागली.’’

कुणीतरी हसलं. आलोक नाही हसला. ‘‘अजून वेळ आहे सर. वर जाऊन तयार व्हा. मी सांगतो त्यांना.’’

सर लिफ्टपर्यंत गेले. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

‘‘आलोक, मी बगिच्यात शिकवतो. फळा नको, कॅमेरा नको. तोंडी.’’

‘‘सर, चाळीस मिनिटं फक्त. तेवढी काढा वर.’’

‘‘चाळीस मिनिटं तू म्हणून राहिलास. त्यानंतर विसावा मजला हाय.’’

बॅग शरणम्मानं आणून दिली. पेले तिनं पुन्हा धुतले होते.

बगिच्यातल्या बाकावरून सरांनी घरी फोन लावला. ‘‘निघालो,’’ म्हणाले.

पलीकडं पत्र्याखालचा पंखा घरघरत होता. मंजुश्रीनं विचारलं, ‘‘उदगीरची गाडी कितीला असते हो संध्याकाळी?’’

१९९३ साली, विसर्जनाच्या संध्याकाळी, भूकंपाला काही तास उरले असताना, पाहुण्यांना पाणी द्यायला अप्पांनी रचलेल्या पेल्यांतला वरचा पेला मल्लिनाथनंच काढला होता, आणि परत ठेवला नव्हता.