पंचेचाळीसवर थांबलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. अंगावर रेघा, एक टोक बंद. वायू मोजणं हे माझं काम. पाण्याने भरून मला पाण्यातच उलटी धरतात; वायू वर साचत जातो, तसं माझ्यातलं पाणी खाली सरकतं. पंचवटीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी गवत भरलेल्या खोक्यातून आले, तेव्हा मुलं मला जपून हाताळत. पुढे सगळी गणितं फळ्यावरच सुटू लागली आणि मी कपाटात धूळ खात पडले.

यंदा रसायनशास्त्राच्या बोरस्ते सरांनी मला इतर नळ्यांसोबत बाहेर काढलं. मॅग्नेशियमची फीत आम्लात टाकायची आणि निघालेला हायड्रोजन मोजायचा. गणिताने उत्तर येत होतं सदतीस मिलीलिटर. मी वाट्याला आले तृप्तीच्या. ती पेठ तालुक्यातली, हॉस्टेलवर राहणारी, अबोल मुलगी. शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत ती हलली नाही. माझ्यातलं पाणी पंचेचाळीसच्या रेघेवर थांबलं. तिने तेच लिहिलं.

बाकी सगळ्यांचं सदतीस! मला तेव्हाच संशय आला. शेजारच्या टेबलावर बुडबुडे निघत होते, तोवरच हर्षलचा आकडा लिहून झाला होता.

सरांना मात्र संशय आला तृप्तीचा.

"हवा घुसली असेल. नाहीतर मनानेच आकडा टाकलास. खरं सांग."

तृप्तीचे कान लाल झाले. "सर, मनानेच टाकायचा असता तर सदतीसच टाकला असता ना?"

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे नळीच खोटी दिसते. फेकूनच देऊ हिला."

मी मनातून हादरले. पण सरांनी फेकण्याआधी माझ्यात पाणी भरलं आणि ते काट्यावर तोललं. एक मिलीलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्या हिशेबाने रेघा बरोबर निघाल्या. मग त्यांनी तेवढीच फीत घेऊन स्वतः प्रयोग केला. पाणी पुन्हा पंचेचाळीसजवळच थांबलं.

सर बराच वेळ भिंतीवरच्या तापमापकाकडे बघत राहिले. एकदम म्हणाले, "अरे, एका मोल वायूला बावीस पॉइंट चार लिटर हे शून्य अंशाला, समुद्रकाठच्या दाबाला! इथे सत्तावीस अंश आहे. नाशिक उंचावर, म्हणून हवेचा दाब कमी. वायू जास्त जागा घेणारच. शिवाय त्यात पाण्याची वाफ मिसळलेली." त्यांनी गणित पुन्हा मांडलं. उत्तर पंचेचाळीसच्या अगदी जवळ आलं.

मग ते वर्गाकडे वळले. "आता मला सांगा, तुम्हा सगळ्यांचं सदतीस आलं कसं?"

हर्षल पुटपुटला, "सर, आम्ही आधी उत्तर काढलं होतं."

"तृप्ती," सर सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलो मी. तुझ्यावर शंका घेण्याआधी मी मोजायला हवं होतं."

मित्रांनो, काम झाल्यावर मला स्वच्छ धुवा, उलटी करून निथळू द्या. मी लवकर फुटते. शंका आली तर माझ्यावरही घ्या, मला तोलून बघा. पण माझ्यात पाणी जिथे थांबेल, तोच आकडा लिहा. मग समोर कुणीही उभं असो.