चाळीस सेकंदांनंतर

“काका, पाच हजार आला ना वेगाचा आकडा? मग थांबवा! फोटो काढते मी.” विक्रीच्या मॅडमनी स्क्रीनसमोर मोबाइल धरला.

“काढा. पण अजून चाळीस सेकंदही झाले नाहीत.”

तपासणीस काकांना सगळी कंपनी दमकाका म्हणे. कारण एकच. माहिती साठवायच्या ड्राइव्हचा दम निघेपर्यंत ते अहवालात आकडा लिहीत नसत. सलग सहा तास त्यावर माहिती लिहीत राहायची. भरला की पुसायचा, पुन्हा लिहायचं. नव्या ड्राइव्हच्या पोटात थोडी चपळ जागा असते. ती भरेपर्यंत गडी घोड्यासारखा उधळतो, भरली की पावलं मोजत चालतो. खोक्यावर छापतात ते उधळणं.

माणसांचंही काकांनी असंच मोजून ठेवलं होतं. बायकोला पक्षाघात झाला तेव्हा नातलगांची रीघ लागली. दहाव्या दिवशी बेल वाजली, तर दारात दूधवाला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

स्क्रीनवरचा आकडा धाडकन सहाशेवर आला.

“हा कशाला लिहायचा?” मॅडम कुजबुजल्या. काचेपलीकडे इस्पितळाचे तंत्रज्ञ बसले होते. शस्त्रक्रियांचं चित्रण साठवायला त्यांना ड्राइव्ह हवे होते. “काका, महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय. मुदतवाढीचा अर्ज शिफारशीसाठी माझ्याच टेबलावर आहे, बरं का.”

काकांना ते विसरून चालणारच नव्हतं. नोकरी होती तोवरच बायकोचे उपचार आणि व्यायामतज्ज्ञांच्या घरच्या फेऱ्या कंपनीच्या खर्चाने होत्या.

सहा तासांनी त्यांनी अहवालात दोन्ही आकडे लिहिले.

तंत्रज्ञांचं बोट खालच्या आकड्यावर थांबलं. “हा शेवटपर्यंत टिकतो?”

“सहाव्या तासालाही तेवढाच.”

“मग झालं की! आमच्या कॅमेऱ्यांना चारशे पुरतात हो. बाकीचे विक्रेते येऊन सात हजार सांगतात, आणि ऐन शस्त्रक्रियेत तिसऱ्या तासाला चित्र अडकतं.”

मागणी तिथेच पक्की झाली. मॅडम इतक्या गोड हसल्या की काकांनाही क्षणभर आशा वाटली.

अर्ज चौथ्या दिवशी परत आला. शेरा होता : ‘कामाचा वेग कमी. एका मिनिटाची चाचणी पुरेशी आहे.’

“काय म्हणाले?” बायकोने एकेक शब्द जुळवत विचारलं.

“वेग कमी म्हणाले.”

“खोटं... नाही ते.” तिच्या ओठांची चांगली बाजू हसली. मग थांबून म्हणाली, “आणि... माझे व्यायाम?”

“मी शिकलोय त्यांचं बघून. हात दे.”

शेवटच्या दिवशी काकांनी इस्पितळाच्या मालातला एक ड्राइव्ह दुपारी बाराला चाचणीला लावला. पाच वाजता सुरक्षारक्षक टेबलापाशी आला.

“दमकाका, कार्ड द्या. नियम आहे.”

“घे. पण याचा एक तास राहिलाय रे.”

“आता तुम्ही कंपनीचे नाही. आत कसं बसू देऊ?”

“बाहेरचे लोक बसतातच की रोज.”

रक्षकाने डोकं खाजवलं, जाऊन पाहुण्यांची वही आणली आणि पुढे सरकवली. काकांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. ‘कोणास भेटावयाचे’ या रकान्यात ड्राइव्हचा क्रमांक लिहिला. मग पाहुण्याचा बिल्ला गळ्यात अडकवून ते खुर्चीत टेकले. स्क्रीनवर सहाशे होते.